चिलिकेच्या काठाने

प्रवास करणे आणि पायी फिरणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या, तरी त्यांचा स्वभाव निराळा आहे. प्रवाशाचे लक्ष मुक्कामावर असते. फिरणाऱ्याला जे मिळते ते वाटेतच मिळते. त्यातून बरोबर लहान मुले असली, म्हणजे वाटेचे महत्त्व आणखीच वाढते. पाच वर्षांचे मूल फर्लांगभर अंतरात दहा वेळा थांबते. कधी शिंपला उचलण्यासाठी, कधी खेकड्याचे बीळ पाहण्यासाठी, तर कधी काहीच कारण नसताना. बरोबरच्या आजोबांनाही तितक्याच वेळा थांबायचे असते. पण ते बोलून दाखवण्याऐवजी नातवाच्या निमित्ताने ते आपले काम साधून घेतात. अशा सर्व वयांच्या कुटुंबाला एकत्र फिरता येईल, कोणी दमणार नाही आणि कोणी कंटाळणारही नाही, अशी ठिकाणे भारताच्या पूर्व किनाऱ्यावर शोधू लागले, तर त्यांत ओडिशातील चिलिका सरोवराचा काठ फार वरचा ठरेल.

भूगोलाच्या पुस्तकात चिलिकेला खाजण सरोवर म्हणतात. एका बाजूला पूर्वघाटाच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर आणि मधे वाळूच्या लांबलचक पट्टीने समुद्रापासून अडवून धरलेले उथळ पाणी, असे त्याचे स्वरूप आहे. लांबी सुमारे ६४ किलोमीटर. पावसाळ्यात ते ११६५ चौरस किलोमीटरांपर्यंत पसरते आणि उन्हाळ्यात ९०६ चौरस किलोमीटरांपर्यंत आक्रसते. पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांना त्याचे पाणी लागते. उत्तरेकडून महानदीचे फाटे त्याला मिळतात. त्यांतली दया नदी धौलीच्या टेकडीजवळून वाहत येते. कलिंगाचे युद्ध जिथे झाले असे मानतात, आणि ज्या टेकडीच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आजही उभा आहे, तीच ही धौली. गोडे पाणी नद्यांचे आणि खारे पाणी समुद्राचे. या दोहोंचा तोल दर ऋतूत बदलत राहतो आणि त्या तोलावरच येथले मासे, पक्षी व माणसे जगतात.

चिलिकेला जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्स्प्रेस सरोवराच्या पश्चिम काठाजवळूनच जाते. रंभा आणि बालुगाव ही गावे याच लोहमार्गावरची. ओडिशा पर्यटन विकास महामंडळाची पांथनिवासे रंभा, बरकूल आणि सातपडा या तिन्ही ठिकाणी आहेत. सारे सरोवर एका दिवसात पाहण्याचा आग्रह धरू नये. प्रत्येक दिवशी एक काठ, सकाळी एक फेरी आणि ऊन उतरल्यावर दुसरी, एवढा बेत मुलांना पुरतो आणि मोठ्यांनाही झेपतो.

पहिली फेरी रंभ्याची. सरोवराचे हे दक्षिण टोक म्हणजे एक शांत उपसागर आहे. टेकड्या पाण्याच्या अगदी जवळ आलेल्या असल्यामुळे सकाळच्या उन्हात त्यांची प्रतिबिंबे स्पष्ट पडतात. गंजाम जिल्हा केवड्यासाठी प्रसिद्ध आहे. येथल्या केवड्याचे अत्तर देशभर जाते आणि कोकणातल्या माणसाला त्याची बने पाहून घरची आठवण होते. काठावरून पाण्यात एका खडकावर बांधलेला निमुळता मनोरा दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गंजामचा कलेक्टर असलेल्या स्नॉडग्रास नावाच्या अधिकाऱ्याने तो बांधला. त्याला एक लहानशी खोलीही आहे. चारी बाजूंनी पाणी असलेल्या खोलीत अर्ज घेऊन येणाऱ्यांची गर्दी होण्याचा संभव कमी, हे त्या अधिकाऱ्याला कळले असले पाहिजे!

रंभ्याच्या काठावर मुलांना गोष्ट सांगावी ती रक्तबाहूची. ओडिशात अशी कथा सांगतात की, रक्तबाहू नावाचा राजा मोठे आरमार घेऊन पुरी लुटण्यासाठी आला आणि किनाऱ्यापासून दूर, दृष्टीआड दबा धरून राहिला. पण त्याच्या हत्तीघोड्यांची लीद आणि चाऱ्याचा केरकचरा लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. लोक सावध झाले आणि शहर सोडून निघून गेले. रिकामे शहर पाहून राजा समुद्रावरच रागावला व त्याचे पारिपत्य करायला निघाला. समुद्र प्रथम मागे हटला आणि मग उसळून त्याने सारे सैन्य गिळले. त्या वेळी जे पाणी आत राहिले तीच चिलिका. कथा पुराणातली म्हणून सोडून दिली, तरी तिच्यात एक खरी गोष्ट आहे. समुद्र पुढे आला, मागे गेला, आणि त्याच्या या येण्याजाण्यातूनच हे सरोवर घडले, असे भूशास्त्रज्ञही सांगतात. आणि पाण्यात टाकलेला कचरा टाकणाऱ्याचे नाव सांगतो, हा धडा तर आजच्या सहलकऱ्यांनीही घ्यावा असाच आहे.

दुसरी फेरी बालुगावची. हे चिलिकेच्या काठचे बाजाराचे गाव. सकाळी होड्या धक्क्याला लागतात आणि टोपल्यांतून कोळंबी, खेकडे आणि नाना तऱ्हेचे मासे बाहेर येतात. रायगड-रत्नागिरीकडच्या माणसाला येथे नवखे वाटू नये. ओडिया माणूस ज्याला भेकटी म्हणतो तो म्हणजे जिताडा, आणि खैंगा म्हणजे बोईच्या कुळातला मासा. मुलांना वास सहन होत नसेल तर त्यांनी नाकाला रुमाल लावावा. पण बाजार चुकवू नये. कारण सरोवराचे सगळे गणित या टोपल्यांत दिसते. बोईला अंडी घालण्यासाठी समुद्रात जावे लागते, आणि जिताड्याची व कोळंबीची पिल्ले समुद्राकडून आत येऊन सरोवरात वाढतात. म्हणजे समुद्राचे दार उघडे असेल, तरच बालुगावच्या टोपल्या भरतात.

बालुगाव आणि जवळचे बरकूल येथून कालीजाईच्या बेटावर होड्या जातात. जाई नावाची एक नवी नवरी बापाबरोबर होडीतून सासरी निघाली होती. वाटेत वादळ उठले, होडी उलटली. बाकीचे वाचले, जाई मात्र सापडली नाही. त्यानंतर नावाड्यांना त्या बेटाच्या बाजूने तिचा आवाज ऐकू येऊ लागला आणि तिथे देवीचे ठाणे झाले, अशी आख्यायिका आहे. मकरसंक्रांतीला येथे मोठी यात्रा भरते. मराठी घरांत संक्रांतीला नव्या नवरीचे कौतुक होते, तिला हलव्याचे दागिने घालतात. त्याच दिवशी चिलिकेचे कोळी सासरी न पोहोचलेल्या एका नवरीच्या पायांवर डोके ठेवतात. ज्यांची माणसे रोज पाण्यावर जातात, त्यांनी बुडालेल्या मुलीलाच आपली रक्षणकर्ती मानावे, यात त्यांच्या आयुष्याचे सारे भय आणि सारी श्रद्धा एकत्र आली आहे.

तिसरी फेरी मंगळाजोडीची, आणि मुलांच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची. सरोवराच्या उत्तर काठाला, टांगीजवळ, हे गाव आहे. गावाबाहेर पडले की एक मातीचा बांध दलदलीतून पुढे जातो. दोन्ही बाजूंना लव्हाळे आणि उथळ पाणी, टोकाला पक्षी पाहण्यासाठी उभारलेला मनोरा. या बांधावरून सूर्योदयाच्या सुमारास चालावे. काही पावले गेल्यावरच शेकाट्या आपल्या लाल काड्यांसारख्या पायांवर उभा दिसतो. कमळपक्षी पानावरून पानावर चालतो. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात शिरता शिरता मागे वळून पाहते. तलवार बदके आणि थापट्या यांचे थवे पाण्यावर असतात. ज्याच्या विरहाचे वर्णन संस्कृत कवींनी इतके केले, तो चक्रवाकही येथे भेटतो आणि जोडीने भेटतो. उत्तर आशियातून, मंगोलियातून, लडाखच्या तळ्यांवरून हे पाहुणे येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने चिलिकेवर येणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे काम केले आहे.

बांधावरून उतरून लहान होडीतही बसता येते. या होडीला यंत्र नसते. नावाडी उभा राहून बांबूने ती रेटतो. त्यामुळे आवाज होत नाही आणि पक्षी हाताच्या अंतरावर असल्यासारखे वाटतात. नावाडी बोट दाखवतो, पक्ष्याचे नाव सांगतो, आणि पुष्कळदा त्याची घरटी कुठे असतात, तो केव्हा उडेल, हेही सांगतो. हे ज्ञान त्याला कुठून आले, असे एखादे चौकस मूल विचारते. त्याचे उत्तर मोठ्यांनी टाळू नये. मंगळाजोडीतील कित्येक माणसे पूर्वी पक्ष्यांची शिकार करून बाजारात विकत असत. गावाची ती एक कमाईच होती. २००० सालच्या सुमारास येथे येणाऱ्या पक्ष्यांची संख्या जेमतेम पाच हजारांवर आली होती. त्याच वर्षी गावात श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती स्थापन झाली. शिकार सोडण्याचे वचन देणाऱ्यांत नावाजलेले शिकारीही होते. पक्षी कोठे उतरतो, काय खातो, माणसाच्या चाहुलीने कसा बिचकतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तीच विद्या त्यांनी राखणदारीसाठी आणि पाहुण्यांना पक्षी दाखवण्यासाठी वापरली. पुढच्या वर्षांत हिवाळ्यातली संख्या लाखांच्या घरात गेली.

ही गोष्ट ऐकायला गोड आहे. पण तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. शिकार सोडणे म्हणजे चालू कमाई सोडणे होते. पहिल्या दिवसांत गावाला काय मिळणार, हे कोणालाच माहीत नव्हते. आज होडीचे भाडे देताना घासाघीस करणाऱ्या पाहुण्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे, की त्या भाड्यावरच एका संपूर्ण गावाचा निश्चय टिकून आहे.

चौथी फेरी सातपड्याची. पुरीहून रस्त्याने येथे येता येते. सरोवराचे हे समुद्राकडचे अंग. येथल्या पाण्यात इरावती जातीचे डॉल्फिन आहेत. अलीकडच्या गणतींत त्यांची संख्या दीडशेच्या आसपास भरली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या डॉल्फिनला चोच असते. याचे डोके वाटोळे आणि बोथट, चेहरा किंचित हसरा. तो उंच उडी मारीत नाही. पाठ दिसते, फुस् असा श्वासाचा आवाज येतो आणि पुन्हा पाणी सपाट होते. तो पाहायचा तर होडीचे यंत्र बंद ठेवून वाट पाहिली पाहिजे. होड्यांनी त्याला घेरावे, पाठलाग करावा, असा हट्ट काही प्रवासी धरतात. ज्याला श्वासासाठी दर काही क्षणांनी वर यावे लागते, त्याच्या डोक्यावर यंत्राचा पंखा फिरवणे हे पाहुण्याचे वागणे नव्हे. मुलांना हे एकदा सांगितले की पुरते. हट्ट बहुधा मोठ्यांचाच असतो.

होडीतून पलीकडच्या वाळूच्या पट्टीवर उतरले की एका हाताला सरोवर आणि दुसऱ्या हाताला समुद्र. मुले येथे चप्पल काढतात आणि वाळूचे बांध घालू लागतात. लाट येते, बांध फुटतो, पाणी आत शिरते. दुसरी लाट वाळू आणून तोंड बुजवते. ती खेळतात तोच चिलिकेचा इतिहास आहे. किनाऱ्याने वाहणारा प्रवाह सारखी वाळू वाहून आणतो आणि सरोवराचे मुख ईशान्येकडे सरकवतो, अरुंद करतो. एकोणिसशे नव्वदच्या सुमारास हे मुख इतके दूर गेले होते, की समुद्राचे पाणी एका लांब, गाळाने भरत चाललेल्या कालव्यातून आत यायचे. खारेपण कमी झाले, गोड्या पाण्यातले तण माजले, मासळी घटली. चिलिका १९८१ साली रामसर कराराच्या यादीत गेली होती. १९९३ साली तिचे नाव त्याच कराराच्या धोक्यात आलेल्या पाणथळींच्या नोंदवहीत घालावे लागले.

संकट केवळ निसर्गाचे नव्हते. मासळी कमी होत असतानाच कोळंबीच्या शेतीत पैसा दिसू लागला. पाण्यात जाळ्यांची कुंपणे उभी राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोळ्यांना आपल्याच पाण्यात वाट मिळेना. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिकेपासून १००० मीटरांच्या आत कोळंबीशेतीला मनाई केली. तरी कुंपणे हटली नाहीत, आणि मे १९९९ मध्ये सोराना गावी याच वादातून झालेल्या पोलीस गोळीबारात चार माणसे मृत्युमुखी पडली. कागदावरचा निर्णय आणि पाण्यावरची वस्तुस्थिती यांत अंतर पडले म्हणजे त्याची किंमत कोण देतो, याचे हे दुःखद उदाहरण आहे.

चिलिकेच्या व्यवस्थेसाठी ओडिशा सरकारने १९९१ साली चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केले होते. नवे मुख कोठे खोदावे, पाणी कसे वाहील, वाळू कोठे साचेल, याचा अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत झाला. मुठेच्या काठी बसून काढलेल्या हिशेबाने महानदीच्या मुलखातले सरोवर वाचावे, हा योग मराठी माणसाने आठवणीत ठेवण्यासारखा आहे. २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडाजवळ वाळूची पट्टी कापून नवे मुख उघडण्यात आले. समुद्राची वाट १८ किलोमीटरांनी जवळ आली. त्याआधीच्या वर्षी मासळीचे उत्पन्न पावणेदोन हजार टनांच्या आसपास होते. दोन वर्षांत ते बारा हजार टनांजवळ पोहोचले. २००२ साली चिलिकेचे नाव धोक्याच्या नोंदवहीतून वगळले गेले आणि प्राधिकरणाला रामसरचा पुरस्कार मिळाला.

या पट्टीवर मराठी इतिहासाचीही पावले उमटली आहेत. १७५१ पासून ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोर उभा राहिला तो त्यांच्याच अमदानीत. १८०३ च्या सप्टेंबरात कर्नल हारकोर्टची इंग्रज फौज गंजामहून निघाली, चिलिका आणि समुद्र यांच्यामधल्या याच वाळूच्या वाटेने चालत आली आणि माणिकपाटण्याजवळ पाणी ओलांडून पुरीला पोहोचली. मालूदच्या फतेह महंमदाने तिला वाट दाखवल्याची नोंद आहे. डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि बावन्न वर्षांचा अंमल संपला. त्याच माणिकपाटण्याची दुसरी गोष्ट मात्र लोकांच्या तोंडी अधिक आहे. कांचीवर निघालेल्या गजपती पुरुषोत्तमदेवाच्या सैन्यापुढे जगन्नाथ आणि बलभद्र काळ्या-पांढऱ्या घोड्यांवरून गेले आणि वाटेत माणिका नावाच्या गवळणीकडून दही प्याले. पैशांच्या ऐवजी अंगठी देऊन, मागून राजा येतो आहे, तो किंमत देईल, असे सांगून गेले. पंढरीचा विठ्ठल भक्तांच्या घरी राबतो हे ऐकत वाढलेल्या मुलाला, दह्याची उधारी करणारा हा देव लगेच ओळखीचा वाटतो. आणि गावाला नाव राहिले ते राजाचे नव्हे, गवळणीचे.

सरोवराच्या मध्यभागी नलबण नावाचे बेट आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात पुन्हा वर येते. त्याचे क्षेत्र १५.५३ चौरस किलोमीटर असून ते पक्ष्यांचे अभयारण्य आहे. रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग तिथे दुरून दिसते. तिथे पाऊल ठेवण्याची परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. अलीकडच्या वर्षांत साऱ्या चिलिकेवर हिवाळ्यात दहा लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले आहेत. त्यांना निदान एक जागा माणसाशिवायची असावी. सगळे पाहता आले पाहिजे हा हट्ट सोडणे, हेही फिरण्यात शिकायचे असते.

परतीच्या आधी वाळूवरचे ते मूल हमखास विचारते, की आता हे दार पुन्हा बंद होणार का? प्रामाणिक उत्तर असे, की समुद्राचे काम चालूच आहे. मे २०१९ मध्ये फनी वादळाने पट्टी फोडून आणखी मुखे उघडली. वाळूने तीही हलवली, बुजवली. सरोवर एकदा वाचवून भागत नाही. गाळ काढावा लागतो, खारेपण मोजावे लागते, बेकायदा कुंपणे पुनःपुन्हा हटवावी लागतात, आणि दोन लाखांच्या घरात असलेल्या कोळी लोकवस्तीचे पोट सांभाळावे लागते. ही कामे कोणाच्या छायाचित्रात येत नाहीत.

फिरणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला यातले काम थोडेच येते. बरोबर नेलेला कागद आणि बाटली परत आणावी, होडीचे यंत्र बंद करायला सांगावे, नावाड्याला त्याचे पूर्ण भाडे द्यावे. संध्याकाळी बालुगावच्या स्थानकावर गाडी येते. येताना खिडकीतून नुसते पाणी पाहणारी मुले जाताना एकमेकांना बोटाने दाखवू लागतात: ती जाळी, तो बांध, ते जाईचे बेट. आजोबा चष्मा पुसून बाहेर पाहतात. गाडी वेग घेते, आणि बराच वेळ चिलिका डब्याच्या बरोबरीने धावत राहते.